मागच्या सीटवरचा पदर

साल २०२३. डिसेंबर महिना. गाव गास, तालुका वसई.

ही गोष्ट खरी आहे. जिच्यावर ती गुदरली ती हिल्डा माझी चुलत जाऊ. ती शपथा घेत नाही. जे झालं ते सांगते आणि मधेच गप्प होते. ती जिथे गप्प होते तिथे मीही पदरचं काही घातलेलं नाही.

आणि यात रात्रीची वाट बघू नका. जे काही घडलं, ते भर उन्हात घडलं.

हिल्डाच्या नवऱ्याकडे, क्लेमेंटकडे, त्याच्या वडिलांची बीएसए होती. इंग्लंडात बनलेली, काळ्या टाकीची, साडेतीनशे सीसीची मोटरसायकल. १९७३ च्या डिसेंबरात चर्चमध्ये लग्नाची मिस्सा झाली आणि क्लेमेंटने नवरीला याच गाडीवर बसवून घरी आणलं. तेव्हा गासच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या होत्या. गाडीचा भडभडाट कानावर आला की बायका हातातलं काम टाकून कुंपणाशी येत. आता तिथे बिल्डिंगी आहेत. खिडक्या पुष्कळ, पण बघणारं कोणी नाही.

लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. नाताळ सरल्यावरच्या शनिवारी ज्युबिलीची मिस्सा ठरली होती, आणि मिस्सेनंतर नालासोपाऱ्याच्या रस्त्यावरच्या हॉलमध्ये जेवण.

क्लेमेंटची इच्छा एकच. चर्चपासून हॉलपर्यंत त्याच गाडीवर जायचं. मागे हिल्डा.

दोन वर्षांपूर्वी त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी मान हलवली, पण हो म्हणाले. हळू चालवा म्हणाले.

मुलगा जॅक्सन विमानतळावर मेकॅनिक. त्याने गाडीचा नट न् नट उघडून पुन्हा बसवला. इंजिन झालं, टाकी झाली. अडलं ते सीटपाशी.

त्या जुन्या इंग्लिश गाड्यांना दोन वेगळ्या सीटा असायच्या. पुढची चालवणाऱ्याची आणि मागे एक छोटी, चामड्याची, स्प्रिंगांवर बसवलेली. कुठल्याशा गॅरेजवाल्याने कधीकाळी दोन्ही काढून एक लांबलचक फळकूट बसवलं होतं. पुढची सीट जॅक्सनला पुण्यात मिळाली. मागची काही मिळेना. कुर्ल्याचा भंगार बाजार झाला, चोर बाजार झाला, मोबाइलवरचे सगळे ग्रुप झाले.

"पप्पा, इंग्लंडहून नवीन मागवतो. अगदी तशीच बनवतात," जॅक्सन म्हणाला.

"तशीच म्हणजे तीच नव्हे," क्लेमेंट म्हणाला. "ओरिजिनल मिळाली तर बसव. त्या सीटला तुझ्या आईचं वजन ठाऊक होतं."

"तेव्हाचं!" हिल्डा आतून ओरडली. "आताचं कळलं तर पळत इंग्लंडला परत जाईल."

सगळे हसले. तेव्हा घरात हसायला कोणाला बंदी नव्हती.

नाताळला दोन आठवडे राहिले असताना जॅक्सन वटारहून आला तो उड्या मारतच. हातात गोणपाटात गुंडाळलेली सीट. ओरिजिनल! खाली कारखान्याची पितळी पट्टीसुद्धा शाबूत. वटारला डेल्फिन नावाची म्हातारी एकटी राहते, तिच्या पडवीत ही आढ्याला उलटी टांगलेली होती. उलटी. आपल्याकडे मेलेल्या माणसाची खाट उलटी ठेवतात, तशी.

"दिली कशी तिने?" हिल्डाने विचारलं.

"आधी नाहीच म्हणाली. मग विचारलं, तुमच्या घरात संध्याकाळची प्रार्थना होते का? मी म्हटलं, रोज. तर म्हणाली, मग ने. माझ्यामागे भंगारात जाण्यापेक्षा तुमच्या घरात बरी."

डेल्फिन आणखीही एक गोष्ट बोलली होती. ती सांगायला जॅक्सन आनंदाच्या भरात विसरला.

दुसऱ्या दिवशी हिल्डा सीट पुसायला बसली. तिने ती उलटी केली, आणि तिला दिसलं…

स्प्रिंगांच्या मध्ये एक झावळी बांधलेली होती. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद देऊन वाटतात, तशी क्रुसाच्या आकारात विणलेली. वाळून तपकिरी झालेली. काळ्या दोऱ्याने गच्च बांधलेली.

हिल्डाला ते बघवेना. ज्यावर माणूस बसणार, त्याच्या खाली आशीर्वादित झावळी? पायाखाली क्रूस घेतल्यासारखंच ते. कोणी बांधली, कशाला बांधली, हा विचार तिच्या मनात आला नाही. तिने दोरा कापला. झावळी कपाळाला लावली. मग आपल्या रीतीप्रमाणे ती चुलीत जाळली आणि राख नेऊन अंगणातल्या नारळाच्या मुळाशी घातली. पवित्र वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत. तिने सगळं अगदी रीतसर केलं.

दुपारी जॅक्सनने सीट गाडीवर चढवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिल्डा मिस्सेहून आली. गाडी ओसरीत उभी होती. रात्रभर गारठा पडलेला. जाता जाता तिने सहज मागच्या सीटवर हात ठेवला…

सीट कोमट होती.

ऊन तिथवर आलेलं नव्हतं. पुढच्या सीटवर हात ठेवला. ती बर्फासारखी गार.

आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी… नाही. हिल्डा सांगताना इथे थांबते. म्हणते, उठून गेल्यासारखी नाही गो. उठायला वेळ मिळाला नाही, अशी.

तिने वाकून स्प्रिंगा बघितल्या. मागच्या सीटच्या दोन्ही स्प्रिंगा दबलेल्या होत्या.

वर कोणीही नव्हतं.

त्याच दिवशी क्लेमेंट गाडी फिरवून बघायला माणिकपूरला गेला. एकटाच. तासाभराने परत आला तो वैतागून.

"लोकांना झालंय तरी काय? डोळे फुटलेत की काय सगळ्यांचे?"

"का? काय झालं?"

"रिक्षा स्टँडवरून एक जण ओरडतो, काका, पदर सांभाळा! मी म्हटलं दुसऱ्या कोणाला सांगत असेल. पुढे स्कूटरवरची एक पोरगी, अंकल, आंटीचा पल्लू चाकात जाईल! येताना भाजीवाली. तीही तेच. पदर सांभाळा, पदर सांभाळा…"

हिल्डाने ओसरीतल्या गाडीकडे बघितलं.

आपल्याकडे बाई गाडीवर मागे बसली की रस्त्यावरचा परका माणूसही हे ओरडून सांगतो. साडी सांभाळा, ओढणी सांभाळा. चांगल्या मनाने सांगतो. पण सांगतो ते मागे कोणी असेल तेव्हाच.

क्लेमेंट पाणी प्यायला वळला. तेव्हा तिने त्याची पाठ पाहिली.

सकाळी तिने स्वतः इस्त्री केलेला शर्ट. उजव्या बाजूला, कमरेच्या वर, तो चुरगळला होता. एवढासाच. मुठीएवढा…

एका अंगाला पाय सोडून बसणारी बाई नवऱ्याचा शर्ट जिथे धरते, तिथेच. हिल्डाने तो तिथे पन्नास वर्षं धरला होता.

तिने जॅक्सनला बाजूला घेतलं. "त्या डेल्फिनने सीट देताना काही सांगितलं होतं?"

जॅक्सन आठवायला लागला. मग त्याचा चेहरा उतरला.

"हो मम्मी. म्हणाली होती, खाली एक झावळी आहे, ती सोडू नका. मी विसरलो. का गो?"

हिल्डा त्याच पावली रिक्षाने वटारला गेली.

डेल्फिन पडवीत लसूण सोलत बसली होती. ऐंशीच्या पुढची, पण नजर लख्ख. हिल्डाला पाहून तिने विचारलं, "सोडली ना झावळी?"

"बांधलेली बघवली नाही, डेल्फिनबाय. जाळली."

डेल्फिनचे हात थांबले. 

मग तिने सांगितलं ते असं. हिल्डा लग्न होऊन गासला यायच्या आधी तिच्या भावाकडे, स्टीवनकडे, अशीच गाडी होती. त्याची बायको मर्सी. मर्सीचं माहेर गासला, नाक्याजवळचं आंब्याखालचं कौलारू घर. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. झावळ्यांच्या रविवारी मिस्सा झाल्यावर ती म्हणाली, मला आईकडे सोडा. हातात झावळी घेऊन ती मागे बसली. नवी साडी, लांब पदर. माहेरच्या थोडं अलीकडे, ओढ्यावरच्या मोरीपाशी कोणीतरी ओरडलं, पदर सांभाळा!

"चांगल्या मनानेच ओरडलं ते माणूस," डेल्फिन म्हणाली. "पण स्टीवनने मागे वळून बघितलं. बघितलं आणि हँडल वळलं. पदर चाकात गेला होता की नव्हता, देव जाणे. त्याने बघितलं म्हणून ती पडली. हातातली झावळी तेवढी सुटली नव्हती."

"आणि स्टीवन?"

"त्याला खरचटलंसुद्धा नाही. गाडी विकली. सीट विकू देईना. म्हणायचा, ती अजून बसलीय. मला वेड लागलं वाटायचं त्याला. म्हणजे त्याला लागलं असं मला वाटायचं." ती जराशी हसली. "मग एकदा मी सीटला हात लावला. त्या दिवशी तिच्या हातातली झावळी मी खाली बांधली. त्यानंतर ती गप्प बसली. इतकी वर्षं."

"तिला हवंय काय, डेल्फिनबाय?"

"माहेरी जायला निघाली होती गो. पोचली कुठे?"

घरी आल्यावर हिल्डाने शेजारच्या विनीकडून त्या वर्षीची झावळी मागून आणली. काळ्या दोऱ्याने सीटखाली बांधली. तीन गाठी मारल्या. आत जाऊन भाताचं पाणी ठेवून बाहेर आली.

झावळी जमिनीवर होती.

पडलेली नव्हती. ठेवलेली होती. शेजारी दोरा, सरळ करून…

मग घरात भांडण झालं. हिल्डा म्हणाली, सीट काढा. जॅक्सन म्हणाला, मम्मी, तू शिकलेली बाई, शाळेत विज्ञान शिकवायचीस! क्लेमेंट आधी हसला, मग चिडला, मग खूप हळू आवाजात बोलला.

"ऑपरेशनला नेत होते तेव्हा मी एवढंच मागितलं होतं. वाचलो तर हिल्डाला एकदा गाडीवर बसवून नेईन. तू नाही बसलीस तर मी एकटा जाईन. पण जाईन."

एकटा.

 तो एकटा जाणारच नव्हता. वाटेत कोणीतरी चांगल्या मनाने ओरडणार होतं आणि तो मागे वळून बघणार होता…

"बसते मी," ती म्हणाली. "पण माझ्या गळ्याची शपथ, रस्त्यात कोणी काहीही ओरडलं तरी मागे बघायचं नाही. मी हाक मारली तरी नाही."

जन्मात पहिल्यांदा तिने शपथ घातली. क्लेमेंट तिच्याकडे बघतच राहिला.

शनिवारी मिस्सा झाली. चर्चच्या आवारात गाडी फुलांनी सजवलेली. बँडवाले, नातवंडं, फोटो. जॅक्सनची बायको ॲनिशा म्हणाली, "मम्मी, पदर किती गच्च खोचलाय! फोटोत साडीचा काठ दिसणार नाही."

"नाही दिसला तरी चालेल," हिल्डा म्हणाली.

क्लेमेंट पुढे बसला. इंजिन भडभडायला लागलं.

हिल्डा मागच्या सीटपाशी आली. स्प्रिंगा दबलेल्या होत्या. आजूबाजूला इतकी माणसं, पण कोणाचं लक्ष नव्हतं. ती वाकली. नातीला सांगावं तशा आवाजात म्हणाली,

"मर्सी, बाय… आज माझा दिवस आहे. सरक जराशी. तुलाही घेऊन जाते."

कुर्रर्र…

स्प्रिंगा वर आल्या. हळूहळू. कोणी अंग चोरून सरकावं तशा.

हिल्डा बसली.

गाडी निघाली. मागून टाळ्या. आवाराच्या बाहेर पडेपर्यंत काही नाही. वळण घेतलं, आणि तिच्या डाव्या खांद्यावर…

हात आला.

हलका. बोटं तिला मोजता आली असती. तिने मोजली नाहीत. तिने क्लेमेंटच्या पाठीवरची नजर हलवली नाही. तोंडाने 'नमो मारिया'ची प्रार्थना चालू.

बेकरीपाशी पहिली हाक आली.

"आंटी, पदर!"

तिचा पदर कमरेला गच्च खोचलेला होता.

क्लेमेंटची मान किंचित हलली. हिल्डाने दोन्ही हातांनी त्याचे खांदे दाबले. "पुढे बघा."

मोरी आली. तिथे मासे विकणाऱ्या दोघी बसल्या होत्या. दोघीही उठून उभ्या राहिल्या. एक जीव तोडून ओरडली, "अगो, पदर! पदर गेला चाकात! थांबव रे गाडी!"

क्लेमेंटचा श्वास तिला ऐकू आला. मान वळायला लागली…

"क्लेमेंट!"

उभ्या आयुष्यात तिने नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती. तो दचकला. मान जिथे होती तिथेच राहिली. गाडी मोरीवरून गेली. सरळ.

खांद्यावरचा हात घट्ट झाला. मग सैल पडला.

मोरी मागे पडली, नाका दिसायला लागला. आणि नाक्याच्या थोडं अलीकडे…

हात उचलला गेला.

गाडी हलकी झाली. क्लेमेंटलाही ते कळलं. त्याने एकदम ॲक्सिलरेटर कमी केला.

नाक्यावर शिट्टी वाजली. तरुण ट्रॅफिक पोलीस हात आडवा करून उभा होता.

"काय काका? या वयात ट्रिपल सीट?"

क्लेमेंटला वाटलं थट्टा करतोय. "अहो, ही माझी बायको. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली आज."

"अभिनंदन. पण म्हणून बाईला चालत्या गाडीवरून उतरवायचं? पडली असती म्हणजे?"

"कोणती बाई?"

पोलीस हसला. "मला बघून उतरवलीत ना? बघितलं मी. त्या बिल्डिंगच्या गेटातून आत गेली. पदर लोळत होता मागे. सांगा तिला, जरा सांभाळून."

हिल्डाने तेव्हा पहिल्यांदा मागे वळून बघितलं.

चार मजली बिल्डिंग. पिवळा रंग, गेटाशी उभ्या स्कूटरी. तिच्या डोळ्यांसमोर मात्र दुसरंच होतं. वाडीला पाणी पुरवणारं दगडी बावखल, रायवळ आंब्याचं झाड, कौलारू बैठं घर. जुन्या काळच्या आम्हा सगळ्या बायकांना ते घर माहीत होतं.

मर्सीचं माहेर.

घर पाडून पंचवीस वर्षं झाली. तिची माणसं केव्हाच सरली. आत आता कोणाकोणाचे संसार आहेत, कोण जाणे.

पोलिसाने त्यांना जाऊ दिलं. हॉलमध्ये केक कापला, क्लेमेंट नाचलाही. हिल्डाने जेवणाला हात लावला नाही.

हे झालं ते असं.

क्लेमेंट बरा आहे. गाडीवर पुन्हा बसला नाही. इच्छा पुरी झाली म्हणतो. मोरीपाशी काय झालं ते त्याला आठवत नाही, बायकोने नावाने हाक मारली एवढंच आठवतं, आणि ते तो सगळ्यांना कौतुकाने सांगतो.

डेल्फिन पुढच्याच ईस्टरच्या आधी गेली. झोपेतच गेली म्हणतात. तिला माती द्यायला हिल्डा वटारला गेली होती.

जॅक्सनने सीट काढलेली नाही. आता काढायचं कारणही नाही म्हणतो. पण ॲनिशाला तो त्या गाडीवर बसवत नाही. तिने विचारलं की विषय बदलतो.

त्या तरुण पोलिसाची बदली झाली. त्याला कोणी काही सांगितलं नाही.

आणि ती पिवळी बिल्डिंग आहे. तिच्या तळमजल्यावरचा एक फ्लॅट दोन वर्षांत चार भाडेकरूंनी सोडला. त्यातली एक बाई विनीच्या ओळखीची निघाली. विनीने विचारलं, काय झालं गो, पाणी येत नव्हतं? तर म्हणाली, पाणी येत होतं. दुपारी दार वाजायचं. उघडलं तर कोणी नाही. दार लावून आत आलं, की घरात एक माणूस जास्त वाटायचं. आणि ते माणूस आईला शोधायचं.

हिल्डाला हे विनीनेच सांगितलं. त्या दिवसापासून ती त्या रस्त्याने जात नाही. रिक्षावाल्याला लांबचा फेरा घ्यायला लावते.

दरवर्षी नोव्हेंबरात आपण मेलेल्यांची नावं घेऊन प्रार्थना करतो. हिल्डा सगळ्यांची घेते. सासऱ्यांचं, आईचं, डेल्फिनचं, न बघितलेल्या स्टीवनचंसुद्धा. एक नाव मात्र ती घेत नाही. मी एकदा विचारलं, अगो, तिलाच तर प्रार्थनेची गरज, तिचं का नाही घेत?

हिल्डाने आधी दाराकडे बघितलं.

"नाव घेतलं की माणूस वळून बघतं," ती म्हणाली. "तिला त्या घरात आई सापडलेली नाही. मागे वळली… तर तिच्या ओळखीची मी एकटीच उरले आहे."